रेवूचं रीळ

“त्या यंत्रात काय हाय ते मला ठावं हाय,” आई म्हणाली. “गुमान आडात टाकून ये.”

मी न्हाणीत पाण्याच्या बादल्या मांडत होतो आणि आई उंबऱ्यावर ठाण मांडून बसली होती. बार्शीच्या आमच्या घरात न्हाणीला एकच दार. ती उठल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नव्हतं आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझी थोरली बहीण गिरिजाअक्का तिच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून अंथरुणातून उठली होती. एवढ्याचसाठी मी आईशी हुज्जत घालत होतो, एरवी माझी काय टाप!

“कॅमेऱ्यातलं रीळ धुवायचं, एवढंच ना,” मी म्हणालो. “त्यात तुझं काय जातंय?”

“गेलेलं माणूस पुन्ना घरात आणायचं नसतंय, मल्लू. मास्तर झालास म्हणून सगळंच कळाय लागलं का तुला?”

“आई,” अक्का म्हणाली, “उद्या सकाळी ते मला न्यायला येणार. त्याच्या आत एकदा मला त्याचं तोंड बघू दे. मग आडात टाका, न्हाईतर काय बी करा.”

आईनं मागं वळून तिच्याकडं बघितलं. मग उठली, लुगडं झटकलं आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं भांडी जरा जास्तच जोरात आपटली. पण पुन्हा आडाचं नाव काढलं नाही.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, लग्न व्हायचं होतं, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर कायम माझ्या न्हाणीत असायचा. कुणाकडून तरी घेतलेला जुना रशियन कॅमेरा होता, तो सोडला तर मला दुसरं व्यसन नव्हतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं आई त्याला जोडायची.

अक्काचं बाळंतपण आमच्याकडं झालं. मुलगा झाला, नाव ठेवलं रेवणसिद्ध, हाक मारायला रेवू. तिचं सासर वैरागचं. त्यांच्यात एक रीत कडक पाळायचे: जावळ निघेपर्यंत पोराला आरसा दाखवायचा नाही आणि त्याचा फोटो काढायचा नाही. फोटोनं आयुष्य ओढलं जातं म्हणे. आमच्या आईचंही तेच मत. पण एक दिवस आई देवळात गेली होती आणि अक्का मागच्या दारी कोवळ्या उन्हात पाय पसरून रेवूला तेल लावत होती. तिनंच मला हाक मारली.

“काढ की एक. आई येईस्तवर. कुणाला कळतंय?”

पोरगं तेलानं चकाकत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसं ते बोळकं पसरून माझ्याकडं बघून हसलं, आणि मी बटण दाबलं. एकच फोटो. रीळ छत्तीस फोटोंचं, आणि ते संपायच्या आत बाहेर काढायचं म्हणजे माझ्या लेखी भरलं ताट टाकून उठणं. त्यामुळं रेवू तसाच आत राहिला. त्याच्यामागं शाळेचं स्नेहसंमेलन, शेजाऱ्यांची म्हैस, भगवंताच्या देवळाचं शिखर अशी भर पडत गेली. अक्का पोराला घेऊन सासरी गेली.

सातव्या महिन्यात हगवण लागली आणि दोन दिवसांत रेवू गेला. आम्हाला निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. भेटायला आलेल्या बायकांच्या देखत सासूनं अक्काला विचारलं, “म्हायेरी फोटोबिटो काढला न्हाईस ना त्याचा?” अक्कानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हणाली, “न्हाई.” आम्ही लिंगायत. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून खोटं बोलायचं म्हणजे काय, ते मी इथं समजावत बसत नाही.

मग दाजी तिला आमच्याकडं सोडून गेले. ती रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. दूध आटावं म्हणून आई रोज तिच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची, आणि संध्याकाळी ती कोमेजलेली फुलं सोडून परसात नेऊन टाकायची. घरभर वास यायचा. मला आजही मोगरा सोसत नाही. त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर अक्का एकदम उठून बसली आणि म्हणाली, “मल्लू, ते रीळ अजून यंत्रातच हाय?”

ती विसरली असावी अशी मी मनोमन आशा करत होतो. जगात रेवूचं तोंड आता फक्त त्या एका चौकटीत उरलं होतं आणि ती चौकट माझ्या हातून बिघडली असती तर? मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. माझ्या हातून बिघडलेल्या रिळांची कीर्ती शाळेत शिपायापर्यंत पोचलेली होती.

त्याचं कारण सांगतो. रीळ धुणं म्हणजे अवघड काही नाही. अंधारात ते एका चक्रीवर गुंडाळायचं, चक्री काळ्या डबीत ठेवायची आणि झाकण लावायचं. मी हे काम रजईच्या आत हात खुपसून करायचो. झाकण बसलं की मग उजेडाची भीती नाही, दिवसाढवळ्या डबीत औषध ओता. खरी मेख पुढं असते, डबी हलवण्यात. नुसती ठेवून दिली तर औषध जागच्या जागी शिळं होतं आणि चित्रावर ओघळ उतरतात. आमच्या हेडमास्तरांच्या निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो मी असाच बिघडवला होता. प्रत्येक पांढऱ्या टोपीखालून काळा ओघळ चेहऱ्यावर आलेला, जणू सगळा स्टाफ गुऱ्हाळातनं उठून आलाय. आणि उलट, डबी सारखी हलवत राहिलं तर औषधाला जोर चढतो, फिल्म काळीठिक्कर पडते, कडेच्या भोकांपासून पट्टे ओढले जातात. म्हणून डबी सावकाश उलटी करायची, सुलटी करायची, बुडबुडे सुटायला फरशीवर टिचकी द्यायची आणि खाली ठेवायची. थोडं थांबायचं. मग पुन्हा. हलवायला कुणालाही येतं. थांबायला शिकावं लागतं. हे शिकायला माझी चार-पाच रिळं गेली.

त्या दुपारी मी रजईत हात घालून रीळ चक्रीवर चढवलं, तेव्हा घामानं बोटं निसटत होती. माठाचं पाणी घालून औषध गार केलं. डबीत ओतलं. झाकण लावलं. अक्का समोर फरशीवर बसून सगळं बघत होती.

“तो ह्याच्यात हाय?” तिनं विचारलं.

“हो.”

“माझ्याकडं दे. मी करते ते हलवायचं.”

“अक्का, त्याला एक पद्धत असते...”

“मग दाखीव की. मला कायतरी करू दे रे त्याचं.”

मी तिला दाखवलं. उलटी, सुलटी, टिचकी, खाली. तिनं डबी घेतली आणि अगदी मी सांगितलं तशी उलटी केली, सुलटी केली, फरशीवर हलकेच टेकवली. माझ्या वर्गातल्या हुशार पोरांनाही पहिल्यांदा इतकं नीट जमलं नसतं. मी घड्याळाकडं बघत होतो. खूण केली की ती उचलायची, खूण केली की ठेवायची. मला वाटलं, जमलं. बाईला कामाला लावलं की बरं वाटतं असं आई म्हणायची ते खोटं नाही.

मग एका खेपेला तिनं डबी खाली ठेवली नाही. पाय पसरले, डबी दोन्ही पायांच्या मधल्या खोलगटात आडवी घेतली आणि पाय हलवायला लागली. डावीकडं, उजवीकडं. न्हाऊ घातलेल्या पोराला बाया झोपवतात ना, तसं. एक हात डबीच्या झाकणाखाली होता.

“अक्का, आता थांबायचं. ठेव खाली.”

ती ऐकत नव्हती असं नाही. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाली, “खाली ठेवलं की उठतो.”

खोटं कशाला बोलू, माझं चित्त घड्याळावरच होतं. आत औषधाला जोर चढत असणार, फिल्म काळी पडत असणार. तिच्या पोराचं एकुलतं एक तोंड तीच आपल्या हातानं पुसून टाकत होती, आणि तिला ते सांगायचं कुठल्या तोंडानं? मी पुढं सरकलो. डबीला हात लावला.

“अक्का, दे इकडं. बिघडंल ते.”

तिनं डबी छातीशी ओढली. पाय थांबले, पण आता सगळं अंगच हलायला लागलं, मागं-पुढं, मागं-पुढं. डोळे मिटलेले होते. मी पुन्हा हात पुढं केला तेवढ्यात माझ्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. आई होती. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

“असू दे रे,” आई म्हणाली.

“आई, फोटो जाईल. पुन्हा मिळायचा नाही.”

“जाऊ दे. हालवू दे तिला.”

हीच बाई तासाभरापूर्वी रीळ आडात टाकायला निघाली होती. मी मागं सरलो. फोटो की बहीण, असं कुणी मला वर्गात विचारलं असतं तर मी झटकन उत्तर दिलं असतं. तिथं न्हाणीत मला ते येईना. आई उंबऱ्यावर बसली, मी बादलीपाशी उकिडवा बसलो, आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. ती काही गुणगुणत नव्हती. डबीतलं औषध तेवढं डचमळत होतं.

वेळ संपली. औषध काढून ओतणं भाग होतं. जरा जास्त वेळ गेला असता तर काहीच उरलं नसतं.

“अक्का,” मी म्हणालो, “आता दुसरं औषध द्यायचंय. दे.”

तिनं डोळे उघडले आणि लगेच डबी पुढं केली, दोन्ही हातांनी, वरच्या बाजूला तळवा लावून. मी ती घेतली. पहिलं औषध मोरीत ओतलं, पाणी घातलं, दुसरं भरलं. आता मी स्वतः हलवायला लागलो. आईनं तिला तांब्याभर पाणी दिलं. तिनं ते सगळं पिऊन टाकलं.

झाकण काढलं आणि चक्रीवरून फिल्म उलगडली. माझी भीती खरी होती. काठाला भोकांपासून पट्टे ओढले गेले होते, सगळी फिल्म जाड, काळपट. स्नेहसंमेलन जवळजवळ गेलंच होतं. म्हैस गेली होती. मी एकेक चौकट खिडकीच्या उजेडात धरत सुरवातीपर्यंत आलो, आणि तिथं तो होता.

चेहरा शाबूत होता. जाड झालेला, पण पट्टे तिथपर्यंत आले नव्हते. डोळे, कपाळावरचा तिटेचा ठिपका, उघडं बोळकं, सगळं होतं. उलट्या चित्रातला चेहरा वाचायची माझ्या डोळ्यांना सवय होती. कागदावर जरा जास्त उजेड दिला असता तर आला असता, चांगला आला असता. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच.

“आलाय! अक्का, आलाय बघ, हसतोय!”

हे बोलताना माझ्या डोक्यात आलंच नाही, की तिनं आयुष्यात निगेटिव्ह पाहिलेली नाही. रोज बघणाऱ्याला त्यात उलटं काही दिसत नाही. मी फिल्म तिच्या डोळ्यांपुढं धरली.

तिनं मान कलती करून बघितलं.

“हे काय?” ती म्हणाली. “कोळसा झालाय ह्याचा.”

“नाही गं. ते उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. कागदावर...”

“डोळं बघ की. पांढरं झाल्यात.” तिचं बोट फिल्मच्या अगदी जवळ गेलं, पण लागलं नाही. “मल्लू, आपल्यात पुरतात ना रे? जाळत न्हाईत ना?”

“नाही जाळत. पुरलाय त्याला. दाजींनी स्वतः...”

“त्यांनी सांगितलं पुरला म्हणून. मला कुठं नेलं हुतं बघायला? बायकांनी यायचं न्हाई म्हणाले. मला खोलीत कोंडून घातलं.”

आईनं तिला जवळ घेतलं. मी पुन्हा पुन्हा समजावलं. शाळेतल्या पोरांना समजावतो तसं, उजेड कसा पडतो, चांदी कशी काळी होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला कळलंही, कारण अक्का माझ्यापेक्षा हुशार, सातवीनंतर शाळा सोडायला लावली नसती तर तीच मास्तरीण झाली असती.

“तू म्हंतोस ते खरं असंल,” ती म्हणाली. “पर मी हे बघितलंय आता. डोळं मिटलं की हेच दिसणार मला.”

“म्हणूनच म्हणतो, थोडं थांब. वाळू दे. संध्याकाळपर्यंत कागदावर काढून देतो.”

“नगं.” तिनं हात पुढं केला. “दे. माझ्या हातानं पुरू दे. तेवढं तरी करू दे मला.”

मी आईकडं बघितलं. ती उठून परसाचं दार उघडायला गेली. मी अक्काला सांगायला हवं होतं, की ओली फिल्म मातीत गेली की तिच्यावरचा थर मातीलाच चिकटतो, परत काही निघत नाही. पण तिला परत काढायचंच नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. फिल्म तिच्या हातात दिली.

परसात शेवग्याखाली तिनं खुरप्यानं खड्डा केला. मी करतो म्हणालो तर हात झटकला. खड्डा चांगला कोपरभर खोल खणला. आई देवघरातून विभूती घेऊन आली. अक्कानं ती ओल्या फिल्मवर लावली, बोटभर, नंतर आपल्या कपाळाला, नंतर आईच्या, नंतर माझ्या. फिल्मचं वेटोळं दोन्ही हातांनी खाली ठेवलं आणि मुठीमुठीनं माती लोटली. शेवटी हातानं थापून सारखी केली. आणि मग ती रडली. पंधरा दिवसांचं सगळं रडली. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकवायला लागल्या. आई त्यांना म्हणाली, “रडू दे. उद्या चाललीय ती.” मीही रडलो. तिच्यासाठी रडलो, आणि खरं सांगायचं तर त्या चौकटीसाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुपाददाजी आले. मोजकं बोलणारा माणूस, वैरागला किराणा दुकान चालवायचा, स्वतःच्या आईच्या शब्दाबाहेर नसायचा. ते कट्ट्यावर टेकले, चहा घेतला, आमच्या आईच्या पाया पडले. अक्का तयारच होती. चेहरा सुजलेला, पण त्यात आता जितंजागतं माणूस दिसत होतं. दाजींनी दोनदा तिच्याकडं चोरून बघितलं.

आई तिची ओटी भरत होती म्हणून ट्रंक घेऊन मी आणि दाजी पुढं एसटी स्टँडवर गेलो. वैरागची गाडी लागायची होती. ट्रंक खाली ठेवून दाजी तिच्यावरच बसले. समोरच्या उसाच्या गाड्याकडं बघत होते.

“मल्लू,” ते म्हणाले. “एक इचारू? आमच्या आईला कळता कामा नये. हिला बी सांगू नगं.”

“विचारा की.”

“तुझ्याकडं फोटोचं यंत्र हाय. रेवू तुमच्यात हुता तवा...” ते थांबले. “एखादा काढला हुतास का त्याचा?”

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हे त्यांच्या आईनं विचारायला लावलंय की त्यांच्या मनातलं आहे, मला कळेना. आणि अक्कानं लिंगावर हात ठेवला होता. मी हो म्हणालो असतो तर पोर आईनंच मारलं, असं जन्मभर तिला ऐकावं लागलं असतं.

“नाही दाजी,” मी म्हणालो. “जावळाच्या आधी कसा काढीन?”

“बरोबर,” त्यांनी मान हलवली. “बरोबर केलंस.”

आई आणि अक्का लांबून येताना दिसल्या. गाडी फलाटाला लागली, लोक धावले. दाजी उठले, ट्रंकेचं कडं धरलं, पण उचलली नाही.

“मीच ठेवला त्याला खड्ड्यात,” ते खाली बघत म्हणाले. “तवाचं तोंड तेवढं ध्यानात हाय. हसायचा कसा, ते आठवंनाच झालंय बघ. रातच्याला लई जोर लावतो, पर येत न्हाई.”

माझा हात कपाळाकडं गेला. तिथं कालची विभूती नव्हती, मी सकाळीच धुऊन टाकली होती.

दाजींनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि गाडीकडं निघाले. दोन पावलांवर थांबून त्यांनी मागं बघितलं.

“काढायला पायजे हुतास रे एखादा,” ते म्हणाले.